ऑफ-रोड गाडीत एअर कॉम्प्रेसर कायमचा बसवताना: वायरिंग, पायरी पायरीने

चिखलात किंवा खडकांवर उतरण्याआधी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत काढायची आणि डांबरी रस्त्याला लागलो की पुन्हा ३२ करायची, हे ज्यांना रोजचं झालंय ते कधी ना कधी गाडीतच कॉम्प्रेसर बसवायचा विचार करतात. माझंही तसंच झालं. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप दर ट्रेलला कुरकुरत होता. ते सॉकेट साधारण १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजवर असतं, आणि त्यावर कामाचा कॉम्प्रेसर चालत नाही. म्हणून मी चांगला कॉम्प्रेसर घेतला आणि वायरिंग एका दुकानातून करून घेतलं.

सहा महिन्यांनी ताम्हिणीहून परतताना तिसऱ्या टायरला हवा भरत होतो, तेव्हा बॉनेटखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. उघडून पाहिलं तर बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर तपकिरी पडून एका बाजूने खाली ओघळला होता. आतला ३० अँपिअरचा फ्यूज मात्र शाबूत! फ्यूज असूनही आग लागू शकते, हे मला तिथे समजलं. त्यानंतर सगळं काढून मी स्वतः नव्याने केलं. तेव्हा जे कळलं ते इथे लिहितोय. उदाहरणं १२ व्होल्टच्या गाडीची आहेत. थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जीप, तत्त्व सगळीकडे एकच.

१. आधी करंट पाहा, मग बाकी सगळं

कॉम्प्रेसरच्या खोक्यावर 'लिटर प्रति मिनिट' मोठ्या अक्षरांत असतं. तुम्हाला हवा आहे तो जास्तीत जास्त करंट. एका सिलिंडरचे चांगले कॉम्प्रेसर साधारण २० ते ३० अँपिअर घेतात, दोन सिलिंडरचे ६० ते ७० पर्यंत जातात. वायर, फ्यूज, रिले (छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणारा स्विच), सगळं या एका आकड्यावर ठरतं. पुढचा हिशोब मी माझ्या २५ अँपिअरच्या कॉम्प्रेसरचा मांडलाय.

'ड्यूटी सायकल', म्हणजे एकूण वेळापैकी किती वेळ तो चालवता येतो, हेही वाचून ठेवा. १०० पीएसआयला ५० टक्के लिहिलं असेल तर जितका वेळ चालवाल तितकाच वेळ थांबवायचं. टायरचा दाब त्यापेक्षा बराच कमी असल्याने थोडी सवलत मिळते, पण लागोपाठ पाच-सहा मित्रांच्या गाड्यांना हवा भरून द्यायची तो कॉम्प्रेसर हा नव्हे.

२. सामान आणि हत्यारं

- ऑटोमोटिव्ह तांब्याची वायर, लाल आणि काळी (जाडी पायरी ४ मध्ये)
- बोल्टने आवळायचा फ्यूज होल्डर आणि फ्यूज
- ७० अँपिअरचा रिले, सॉकेटसह
- कंट्रोलसाठी १ किंवा १.५ स्क्वेअर एमएमची पातळ वायर
- डॅशबोर्डचा स्विच, फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी घालून नवी वाट काढायचा जोड), ३ अँपिअरचा छोटा फ्यूज
- प्रेशर स्विच, म्हणजे ठरावीक दाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा (कॉम्प्रेसरसोबत आला नसेल तर)
- तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची, बोल्टचं भोक असलेली टोपणं), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारं रबरी कडं), काळा फ्लेक्सिबल पाइप, केबल टाय
- मल्टिमीटर, क्रिम्पिंग टूल (लग वायरीवर दाबायचं), पाने, सॅण्डपेपर

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ इथे यातलं बहुतेक सामान मिळतं. जाड लग दाबायचा हायड्रोलिक क्रिम्पर विकत घ्यायची गरज नाही. वायर मोजून कापा आणि लग तिथल्याच एखाद्या केबलवाल्याकडून दाबून घ्या. पकडीने चेचलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, आत तारा सुट्या राहतात.

वायर घेताना दोन गोष्टींत फसगत होते. पहिली म्हणजे घरगुती वायर. तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं आणि बॉनेटखाली ते कडक होऊन तडकतं. १०५ अंशांची ऑटो वायर मागा. दुसरी फसगत जास्त वाईट: गाडीच्या अँप्लिफायरसाठी स्वस्तात मिळणारी किट. त्यांतल्या बऱ्याच वायरी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर परत करा.

३. जागा ठरवणं

बॉनेटखाली जागा असेल तर वायर आखूड राहते, हा मोठा फायदा. पण तिथे इंजिनाची धग असते आणि पाणी येतं. टर्बो आणि एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात नको.

पाण्याचं गणित नीट समजून घ्या. २०२० च्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. कॉम्प्रेसर, रिले आणि फ्यूज या रेषेच्या बरेच वर हवेत, कारण ओढ्यात गाडी घातली की समोर लाट उठते. शिवाय नुकता चाललेला गरम कॉम्प्रेसर गार पाण्याने एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि तो स्वतःच पाणी ओढतो. एअर फिल्टर लांब नळीने उंचावर नेता येत असेल तर जरूर न्या.

माझ्या गाडीत बॉनेटखाली मनासारखी जागा नव्हती, म्हणून कॉम्प्रेसर मागच्या कोपऱ्यात बसवला. कोरडी, गार जागा. किंमत एवढीच, की वायर ४ मीटर लांब झाली.

४. वायरची जाडी

इथे जास्त वेळ घालवा. वाटेत व्होल्टेज गळालं तर मोटर मंद फिरते, पण करंट फारसा कमी होत नाही, कारण करंट हवेच्या दाबावर ठरतो. म्हणजे तोच करंट, कमी हवा, जास्त वेळ आणि जास्त उष्णता. हवेच्या टाकीत किंवा नळीत दाब असताना मोटरला सुरू व्हायचं असेल तर व्होल्टेज अपुरं पडून ती अडकते आणि करंट एकदम वर उसळतो.

तांब्याच्या मऊ वायरीचा रोध मीटरमागे साधारण असा असतो: अडीच स्क्वेअर एमएमला ८ मिलिओहम, चारला ५, सहाला ३.३, दहाला १.९, सोळाला १.२. लांबी मोजताना जायची आणि यायची, दोन्ही वाटा धरा. माझ्या ४ मीटरचे झाले ८. आता २५ अँपिअरला गुणा:

- अडीचची वायर: १.६ व्होल्ट गळती
- चारची: १ व्होल्ट
- सहाची: ०.६६ व्होल्ट
- दहाची: ०.३८ व्होल्ट

अर्धा व्होल्टच्या आत राहायचं हा माझा नियम, म्हणून मागे बसवलेल्या कॉम्प्रेसरला मी दहाची वायर घातली. बॉनेटखाली दीड मीटरवर असेल तर सहाची वायर पुरते, पाव व्होल्ट गळते. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेसरला बॉनेटखालीसुद्धा सोळाची घाला.

दुकानदाराने मला अडीचची वायर घातली होती. 'घरातल्या गीझरला चालते, इथे का नाही चालणार?' असं तो म्हणाला होता. गीझर २३० व्होल्टवर चालतो. तिथे दीड व्होल्ट गेल्याचं कुणाला कळतही नाही. इथे मुळात बाराच आहेत.

५. फ्यूज

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. त्याच्या आधीची वायर उघड्या तलवारीसारखी असते. ती कुठे बॉडीला घासली तर तिला अडवणारं काहीच नसतं.

फ्यूज कॉम्प्रेसरला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो वायरीच्या ताकदीपेक्षा लहान आणि कॉम्प्रेसरच्या करंटपेक्षा मोठा घ्यायचा. फ्यूजला सतत त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त भार देऊ नये. त्या हिशोबाने २५ अँपिअरला ४० चा फ्यूज येतो, आणि सहा किंवा दहाची वायर तेवढं सहज सोसते.

आता माझा वितळलेला होल्डर. नंतर मोजलं तेव्हा त्या एका होल्डरमध्ये ०.९ व्होल्ट गळत होते. ०.९ गुणिले २५ म्हणजे २२ वॅट. रेडिओ दुरुस्तीचा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न किती तापतो ते आठवा. जवळजवळ तेवढीच उष्णता बोटाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत कोंडली जात होती. फ्यूज उडाला नाही, कारण सुरू होतानाचा क्षणभराचा झटका सोडला तर करंट २५ च्या वर गेलाच नाही. फ्यूजला करंट कळतो, सैल पात्यातली उष्णता कळत नाही. वायरीत लटकणारे स्वस्त होल्डर फ्यूजची पाती नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर धरून ठेवतात आणि गाडीच्या हादऱ्यांनी ती पकड ढिली होते. म्हणून बोल्टने आवळायचा मिडी किंवा तत्सम फ्यूज घ्या आणि होल्डर बॉडीवर पक्का बसवा. शे-दोनशे रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

६. रिले

डॅशबोर्डच्या स्विचमधून २५ अँपिअर न्यायचे नसतात. स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, भार रिले उचलतो. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात:

- ३०: फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस
- ८७: कॉम्प्रेसरच्या प्लसकडे
- ८६: स्विचकडून येणारा हुकूम
- ८५: अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीचा मायनस)

पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो. रिले बंद असताना ३० ची जोडणी त्याच्याशी असते. घाईत कॉम्प्रेसरची वायर त्यावर लागली तर बॅटरी जोडताक्षणी कॉम्प्रेसर चालू होईल आणि स्विच दाबल्यावर बंद. चार पायांचा रिले घेतलात तर ही चूक होऊच शकत नाही.

काही रिलेंमध्ये आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो आणि डब्यावर त्याची खूण असते. अशा रिलेला ८६ वर प्लस आणि ८५ वर मायनसच हवा. उलटं झालं तर कंट्रोलचा फ्यूज उडतो नाहीतर डायोड जळतो.

४० अँपिअरचा साधा रिले २५ ला कागदावर पुरतो. पण मोटर सुरू होतानाचा झटका आणि बॉनेटखालची धग धरली तर ७० चा घेणं शहाणपणाचं. त्याचे ३० आणि ८७ हे पाय रुंद असतात, तेव्हा सॉकेट त्याचाच घ्या. बसवताना पाय खालच्या दिशेला ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

७. स्विच, इग्निशन आणि प्रेशर स्विच

हुकमाची वाट अशी: इग्निशन चालू असतानाच जिवंत होणारा फ्यूज → फ्यूज टॅप आणि ३ अँपिअरचा फ्यूज → डॅशबोर्डचा स्विच → प्रेशर स्विच → रिलेचा ८६. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, म्हणून पातळ वायर पुरते.

हुकूम इग्निशनवरूनच घ्या. थेट बॅटरीवरून घेतलात आणि नळीत कुठे बारीक गळती असली, तर पार्किंगमध्ये रात्रभर कॉम्प्रेसर अधूनमधून आपोआप चालू होत राहील आणि सकाळी बॅटरी मेलेली सापडेल.

फ्यूज टॅपसाठी वायपर किंवा लायटर सॉकेटसारखा फ्यूज निवडा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन ईसीयूच्या फ्यूजला हात लावू नका. एअरबॅगची वायर बहुधा पिवळ्या आवरणात असते, तिच्यापासून दूर राहा. कंपनीची मूळ वायर कापून जोड मारू नका. वॉरंटीचा वाद तिथेच सुरू होतो, आणि फ्यूज टॅप कधीही काढून गाडी पूर्वीसारखी करता येते.

दिवा असलेल्या स्विचला तीन पाय असतात: आवक, जावक आणि दिव्याचा अर्थ. अर्थचा पाय बहुतेक वेळा पिवळसर, वेगळ्या रंगाचा असतो. जावक आणि अर्थ यांची अदलाबदल झाली की स्विच दाबताच थेट शॉर्ट होतो. ३ अँपिअरचा फ्यूज त्यासाठीच आहे.

प्रेशर स्विच ठरावीक दाबाला वाट तोडतो. एका ॲक्सलची दोन्ही चाकं हवेच्या दाबाने एकत्र फिरवणाऱ्या एअर लॉकरसाठीच्या कॉम्प्रेसरवर तो बहुधा १३५ पीएसआयच्या खाली चालू आणि १५० ला बंद होणारा असतो. तो मोठ्या वायरीत न लावता या कंट्रोलच्या वाटेतच लावा, नाहीतर त्याचे बारीक संपर्क जळून चिकटतात आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. याच कारणासाठी हवेच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असायलाच हवा.

८. अर्थ

गळतीचा अर्धा वाटा अर्थकडे असतो आणि त्याकडे कुणी बघत नाही. माझ्या आधीच्या जोडणीत रंगवलेल्या पत्र्यावर एक स्क्रू मारून अर्थ घेतला होता. तिथे पूर्ण १ व्होल्ट गळत होता.

प्लसला जेवढी जाड वायर, तेवढीच मायनसला. जागा निवडली की सॅण्डपेपरने रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग बोल्ट-नटने दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून झाका. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो.

शक्य असेल तर मायनस सरळ बॅटरीपर्यंत आणा. पण नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असू शकतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. तो असेल तर तुमची वायर टर्मिनलवर न लावता कंपनीची अर्थ केबल जिथे बॉडीला मिळते त्या बोल्टवर लावा. नाहीतर कॉम्प्रेसरचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा अंदाज चुकतो.

९. प्रत्यक्ष जोडणी

बॅटरीचा मायनस आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा फवारा उडतो.

वायर पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. नवीन भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हाताने चाचपून बघा. फायरवॉलवर बहुतेक गाड्यांत आधीचं ग्रोमेट असतं, त्यालाच छोटी चीर देऊन वायर नेता येते. सगळी वायर फ्लेक्सिबल पाइपमध्ये घाला, वीतभर अंतरावर टाय मारा, आणि एक्झॉस्ट, पंख्याचे पट्टे, स्टिअरिंगचा दांडा यांपासून लांब ठेवा. इंजिन हलतं, बॉडी वेगळी हलते, म्हणून दोन्हींच्या मध्ये वायर थोडी सैल ठेवा.

१०. हवेची बाजू, थोडक्यात

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा फार तापलेली असते. पहिल्या तुकड्याला निळी पीयू (प्लास्टिकची) नळी लावाल तर ती मऊ होऊन सुटेल. तिथे स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन नळी घ्या.

परदेशी कॉम्प्रेसरची भोकं बहुधा एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्यांची असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानातले फिटिंग बीएसपीचे (ब्रिटिश मापाचे). पाव इंचाला एनपीटीचे इंचात १८ आटे, बीएसपीचे १९. पहिले दोन वेढे छान बसतात, मग अडतं, आणि जोर लावलात की ॲल्युमिनियमचे आटे कायमचे गेले. कॉम्प्रेसर पिशवीत घालून दुकानात न्या आणि फिटिंग तिथेच हाताने फिरवून बघा.

११. चाचणी

आधी मोठा फ्यूज न घालता फक्त कंट्रोल तपासा. इग्निशन चालू, स्विच दाबा, रिलेचा 'टक्' आवाज आला पाहिजे. मग मोठा फ्यूज घाला, इंजिन चालू करा आणि कॉम्प्रेसर टायरवर लावून भारावर चालवा. मोकळा चालवून मोजलेल्या आकड्यांचा उपयोग नाही.

आता मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं कॉम्प्रेसरच्या प्लसवर. जो आकडा दिसेल ती प्लसच्या वाटेतली गळती. तसंच मायनस ते मायनस. दोन्ही ०.३ च्या आत हवेत. जास्त आला तर टप्प्याटप्प्याने शोधा: फ्यूजच्या दोन टोकांवर, रिलेच्या ३० आणि ८७ वर, प्रत्येक लगवर. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. माझ्या जुन्या जोडणीत बॅटरीवर १३.८ आणि कॉम्प्रेसरवर ११.१ होते. नव्या जोडणीत एकूण गळती अर्ध्या व्होल्टवर आली आणि चार टायरना लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

दहा मिनिटं चालल्यावर बंद करा आणि फ्यूज होल्डर, रिले, अर्थचा बोल्ट यांना उलट्या हाताने स्पर्श करा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर तो जोड पुन्हा करा, उद्यावर टाकू नका. शेवटी सगळ्या हवेच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

१२. पहिल्या ट्रेलनंतर

हादऱ्यांनी बोल्ट बसतात आणि ढिले होतात. पहिल्या ट्रेलहून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पाइप कुठे घासला का ते टॉर्च लावून बघा आणि मल्टिमीटरची तीच चाचणी पुन्हा करा. मी दर पावसाळ्याआधी आणि नंतर करतो, अर्धा तास लागतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात ४० आणि ३ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, एक जादा रिले आणि जोडणीचा हाताने काढलेला नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय. नकाशावर प्रत्येक वायरीचा रंग आणि मोजलेला गळतीचा आकडा तारखेसह लिहिलेला आहे.